मधली पेटी

पाय वर करून पडलेल्या माणसाला झटक्यात उभं राहता येत नाही, ही साधी गोष्ट मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, हिंजवडीच्या एका फर्निचरच्या दुकानात, भर दुपारी कळली. दोघांनी बसायचा रिक्लायनर होता तो. डावीकडे मी, उजवीकडे माझी बायको गौतमी. दुकानातल्या रोहित नावाच्या विक्रेत्याने कडेचं बटण दाबलं, खालून मोटर घुमली, पाठ मागे गेली आणि चार पावलं हळूहळू वर आली, दोन माझी आणि दोन तिची, जोडव्यांसकट. बाहेर एप्रिलचं ऊन, कंपन्यांच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. आत एसी इतका गार की गौतमीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता. तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. दोन आखूड, एक लांब. मी उठलो. म्हणजे उठायला गेलो, पण पाय वरच. मग कोपर रोवून, कुशीवर वळून, एक पाय कडेने खाली सोडत कसाबसा जमिनीवर आलो. शर्ट पोटावर चढलेला, पायात चपला नाहीत, आणि दोन्ही हात समोर बांधलेले. ते कधी बांधले मला माहीत नाही. मागे एक म्हातारे गृहस्थ आपल्या सुनेबरोबर जेवणाची टेबलं बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आरामात, सर," रोहित म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं." सगळ्यांचं असं होत असेल, असं मला वाटत नाही.

गौतमी मात्र उठली नव्हती. ती तशीच पडून छताकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि मी सोडलेल्या जागेकडे पाहिलं. माझ्या वजनाने दबलेली गादी सावकाश वर येत होती. ती पूर्ण वर येईपर्यंत गौतमी बघत राहिली आणि मग रोहितला म्हणाली, "दादा, ती मधी पेटी असल्याली दाखवा की. त्या तिकडं हाय, तसली." मी चमकलो. बत्तीस वर्षांत या बाईने कशाची निवड केल्याचं मला आठवत नाही. घराच्या फरश्या, ओट्याचा दगड, पोरीच्या लग्नातलं स्वतःचं लुगडं, सगळ्याला तिचं एकच उत्तर असायचं, "तुमाला बरं वाटंल ते." आज तिने बोट दाखवलं होतं, आणि ते बोट नेमकं आम्हा दोघांच्या मधे काहीतरी आणून ठेवण्यासाठी उचललं होतं.

खरं तर हा सगळा उद्योग आमच्या आरोहीचा. ती नवऱ्याबरोबर बेंगळुरूला असते आणि तिथून आमच्या कंबरांची काळजी करते. माझा गुडघा शाळेत तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गेला, गौतमीची पाठ भातलावणीत आणि पुढे धुण्याच्या दगडावर गेली. आमच्या नेरे गावातलं तळ्याचं वावर बिल्डरला दिलं, त्यावर इमारत उभी राहिली आणि तिच्यातच सातव्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. तिथेही गौतमी स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून भिंतीला टेकून बसते. टीव्ही तिथूनच बघते, अर्धा, कारण उरलेला अर्धा माझ्या खुर्चीमागे जातो. आरोही दिवाळीला आली होती तेव्हा चिडली. "पप्पा, आई अजून खाली का बसते? आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली." मी म्हणालो, सवय असते. गौतमी म्हणाली, भुईवर पाठीला बरं वाटतं. दोघंही खोटं बोललो आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. शेवटी आरोहीने बजावलं की दोघांचाच घ्यायचा, एकेकट्या खुर्च्या घेऊन आलात तर परत पाठवीन. मग मी टेपने हॉल मोजला. मी आंघोळीला गेल्यावर गौतमीने तो पुन्हा वितीने मोजला. रोहितने मागे भिंतीपासून किती जागा सोडायची ते विचारलं तेव्हा माझ्या आधी तीच म्हणाली, "धा वीत हाय मोकळं, मागं एक सोडून." मला तेव्हाच समजायला हवं होतं की तिच्या डोक्यात या वस्तूची जागा आधीच ठरलेली आहे. आणि मला, सांगून टाकतो, त्या वस्तूचं काहीच पडलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की मरायच्या आधी एकदा ही बाई माझ्या शेजारी पाठ टेकून निवांत बसावी.

रोहितने आम्हाला तासभर फिरवलं. हाताने ओढायच्या दांडीचा माझ्या गुडघ्याला चालणार नाही, म्हणून मोटरचा. एकाच मोटरचा नको, कारण मग एकाने पाय वर केले की दुसऱ्याचेही वर जातात. चामड्यासारखा दिसणारा नको, उन्हाळ्यात पाठ चिकटते, कापडी घ्या. बसकण फार खोल असेल तर ताईंचे पाय लोंबकळतील. गौतमीने एकदाच मधे विचारलं, "आन लाइट गेली तर पाय वरच ऱ्हात्यात का?" रोहित हसला आणि बॅटरीचं सांगू लागला. मी पेटी नसलेल्याकडे परत परत वळत होतो. "ह्यात ऐसपैस आहे बघ," मी म्हणालो. लोकांसमोर मी तिच्याशी शाळेतलं मराठी बोलतो, ते तिला आवडत नाही. "कपल्स हाच जास्त घेतात, सर," रोहितनेही माझी बाजू घेतली, "क्लोज बसता येतं. पेटीवाल्यात कप ठेवायला जागा आहे, आत रिमोट, चष्मा, गोळ्या राहतात, पण मधे अंतर पडतं." गौतमीने पेटीचं झाकण उघडलं, आत हात घातला, तळाला बोटं टेकवून पाहिली आणि झाकण लावलं. "ह्योच," ती म्हणाली. मी ह्योच घेतला. बांधाच्या भांडणात गावाने मला कधी माघार घेताना पाहिलं नव्हतं, आणि इथे मी सही करताना पेन दोनदा खाली पाडलं.

दुकानात मला उठवणारा तो खाकरण्याचा आवाज माझ्या वडिलांचा, आबांचा. हैबतराव त्यांचं नाव, गावात दबदबा, पण ते कुणावर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. त्यांना ओरडायची गरजच पडत नसे. घरात पाऊल टाकायच्या आधी, उंबऱ्याबाहेर, ते खाकरायचे. दोन आखूड, एक लांब. आमच्याकडे सगळीच मोठी माणसं तसं करत. आत सुना असतात, त्यांना कळावं, सावरून बसावं, पदर घ्यावा, यासाठीच ते असतं. त्यात मायाही असते म्हणा. पण त्या आवाजासरशी घर उभं राहायचं. माझी आई धोंडाबाई चुलीपुढून उठायची, मी पुस्तक मिटून उठायचो, नवी आलेली गौतमी उठून दाराआड व्हायची. नवरा-बायकोने थोरांसमोर एका बाजेवर बसायचं नाही, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते अंगातच होतं. पूजेला शेजारी बसलो तेवढेच. पुढे मी मास्तर झालो, मुलांना समतेवर निबंध घालायला लागलो, तरी वर्गाबाहेर कुणी तसं खाकरलं की खडू हातातच राहायचा. आबा गेले. मला वाटलं, आता संपलं. पण नव्या घरात राहायला आल्यापासून तो आवाज पुन्हा यायला लागला. कधी लिफ्टच्या दाराशी, कधी आतल्या बोळकांडीत, बहुतेक करून हॉलच्या तोंडाशी. मी थांबतो. कुणी नसतं. खाली आमचंच वावर आहे, पिलरच्या मुळाशी आबांनी भरलेली ताल आहे, मातीचा बांध. मनात येतं, म्हातारा आपल्या रानात फिरतोय, त्याला सात मजल्यांचं काय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसलेल्या गोष्टीचीसुद्धा भीती वाटते, हे मी आता शपथेवर सांगेन.

घरी निघालो तेव्हा गौतमी नेहमीप्रमाणे गाडीत मागे बसली. पुढच्या सीटवर तिची पिशवी. चौकात गाड्या अडकलेल्या, कुणी हलत नव्हतं. आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर गावाच्या फाट्यावरची एसटीची शेड आली. ती कधीही येते, तिला फाटा लागत नाही. पंच्याण्णव सालचा फेब्रुवारी. गौतमी तेवीस वर्षांची. सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं होतं, मुलगी होती, आणि पुण्याच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी आम्ही एसटीने परतत होतो. फाट्यावर उतरलो. तिथून आबा बैलगाडी घेऊन येणार होते. शेडमध्ये सिमेंटचा बाक होता, त्यावर आम्ही दोघं बसलो. दुसरं कुणी नव्हतं. तिच्या अंगात दूध आलं होतं, पोलक्याला आतून फडकी बांधलेली, आणि ती रडत नव्हती. पाच दिवसांत ती रडलीच नव्हती. मग बसल्या बसल्या तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कडेला, लग्नानंतर पहिल्यांदा. मला तिच्या कपाळाचा ताप शर्टातून लागत होता. ती हुंदका देणार होती. मला कळत होतं, तो वर येत होता, तिचं अख्खं अंग त्यासाठी गोळा होत होतं. आणि शेडच्या मागून आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

मी ताडकन उठलो. खांदा सोबत घेऊन उठलो. तिचं डोकं माझ्या जागेवर आलं, मोकळ्या बाकावर. कानशील सिमेंटला लागलं तो आवाजही आठवतो, लहानसाच होता. तिने हात टेकून स्वतःला सावरलं, पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहायला लागली. मी तोवर पाच-सहा पावलं लांब जाऊन रस्त्याकडे बघत होतो, जसा काही ओळखीचाच नाही. आबा पुढे आले. त्यांनी मला पाहिलं, तिला पाहिलं. मग खांद्यावरची घोंगडी काढून बाकावर अंथरली आणि म्हणाले, "उटू नगं पोरी. पड हितं. गाडीचं चाक काडलंय, येळ लागंल." आणि स्वतः जाऊन उन्हात उभे राहिले, पाठ करून. ते लांब गेले. सासरा लांब गेला, की तिला पडता यावं. मला परत जाऊन तिच्या डोक्याखाली मांडी द्यायला कुणाची आडकाठी होती? कुणाचीच नाही. मी गेलो नाही. पाऊण तास मी रस्ता बघत उभा राहिलो. तो हुंदका तिने गिळला तो गिळलाच. एकोणतीस वर्षं झाली. आबांच्या नावावर खपवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आबांनी घोंगडी घातली होती.

"पेटी कशाला?" मी आरशाकडे बघत विचारलं. पुढची गाडी हातभर सरकली, मीही सरकलो. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "मधी कायतरी आसलं का एक उटला तरी दुसऱ्याची खुर्ची पुरी ऱ्हाती." एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. उद्या पाणी येणार नाही, हे सांगावं तितकंच. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गिअर टाकायचा विसरलो होतो. मला वळून म्हणायचं होतं की मी आता उठणार नाही, आणि तासा-दोन तासांपूर्वी तिच्याच डोळ्यांदेखत मी अनवाणी उठून हात बांधून उभा राहिलो होतो. मग काय म्हणणार? गाडी पुढे घेतली.

आठ दिवसांनी रिक्लायनर आला. लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने सात मजले चढवला. गौतमीने जागा दाखवली, मागे एक वीत सोडून. हळदकुंकू लावलं, पेटीच्या झाकणावरही लावलं. पहिल्या दिवशी दोघं बसलो, आरोहीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉल संपला आणि गौतमी भाजी निवडायला चटईवर गेली. पुढचे दिवस असेच. मी पाय वर करून पडायचो आणि माझ्या उजव्या हाताला ती रिकामी बसकण असायची, नवी, एकही सुरकुती नसलेली. तिच्याकडे बघवत नसे. बोलावलं की यायची, पाच मिनिटं कडेला टेकायची, पाठ न लावता, आणि काहीतरी काम आठवून उठायची. रोज हॉलमध्ये आल्यावर मात्र त्या बसकणीवर थोडी ऊब लागायची. हात ठेवून पाहायचो. ऊब असायची, माणूस नसायचं. आणि बोळकांडीतला तो खाकरा आता रोज यायचा. दुपारी झोप काढून मी बाहेर यायला निघालो की हमखास. एकदा मी तिला विचारलंही, "तुला आबांचा आवाज येतो का गं?" तिने माझ्याकडे पाहिलं. "येतो की," म्हणाली. पुढे काही विचारायची हिंमत झाली नाही.

परवाची गोष्ट. दुपारी साडेतीनचा सुमार. मी झोपून उठलो, बोळकांडीतून चाललो होतो, पायात काही नव्हतं म्हणून पावलं वाजली नाहीत. हॉलच्या तोंडाशी आलो आणि ती दिसली. आपल्या बसकणीवर पूर्ण पडली होती. पाठ मागे, पाय वर, डोक्यावर पदर नाही, एक हात पेटीवर पसरलेला, डोळे मिटलेले आणि तोंड जरासं उघडं. टीव्ही बंद. पंख्याने कपाळावरचे पांढरे केस हलत होते. इतकी निवांत मी तिला झोपेतही पाहिली नव्हती. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं, मी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि खाकरलो. दोन आखूड, एक लांब. तो आवाज माझ्या घशातून आला होता. आबांचा, अगदी तोच, माझ्या घशातून. मी माझ्या कानांनी ऐकला. आणि गौतमीचे डोळे उघडले. हात पेटीवरून बटणावर गेला, दुसऱ्या हाताने तिने पदर डोक्यावर ओढला, मोटर घुमायला लागली. तिला उठायचं होतं आणि पाय अजून वर होते. ते आपल्या गतीनेच खाली येणार. ती कोपर रोवून, कुशीवर वळून धडपडायला लागली, मी दुकानात धडपडलो होतो तशीच.

"आगं बस की," मी म्हणालो. "मीच हाय."

"तुमीच हाय म्हनूनच की," ती म्हणाली.

मोटर थांबली. ती उठली, पदर नीट केला, चहा टाकायला आत गेली. मी तिथेच उभा होतो. किती वर्षं? आबा गेल्यापासून नऊ? की त्याच्याही आधीपासून? रोज मी दारात आबा होऊन येत होतो आणि ही बाई रोज उठत होती. आणि मी पिलरखालच्या रानात म्हातारा शोधत होतो. म्हातारा तरी घोंगडी अंथरून लांब गेला होता. मी जाऊन माझ्या जागेवर बसलो. पाय वर केले नाहीत. ती दोन कप घेऊन आली, एक पेटीच्या खाचेत माझ्या बाजूला ठेवला, आणि दुसरा घेऊन चटईकडे वळली. मी म्हणालो, "हितं बस." हुकूम वाटला असेल तर वाटो, मला दुसऱ्या तऱ्हेने येत नाही. मग म्हणालो, "फाट्यावर मी उटायला नको हुतो." हे वाक्य एकोणतीस वर्षं तोंडात होतं आणि बाहेर आलं तेव्हा एवढंसं निघालं. ती कप धरून उभी राहिली. मग ती आली आणि बसली. आधी कडेला, मग मागे सरकून. पाठ टेकली. तिने कप खाचेत ठेवला, माझ्या कपाला लागून. बटण दाबलं. पाय वर जायला लागले. माझ्या घशात पुन्हा खवखव झाली. तो वर येत होता, दोन आखूड, एक लांब, दाराशी येऊन थांबलेला. मी दात आवळले, ओठ मिटले, श्वास रोखून धरला, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी मान हलवली, काही नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी उठतो का ते बघत होती. मी दोन्ही हातांनी बसकण धरून ठेवली होती.